मागे ओढलेला हात : कराटे आणि प्रत्यक्ष स्वसंरक्षण यांविषयी एक संवाद

कराटेच्या वर्गात मूठ कशी वळावी हे शिकवून झाले की लगेच शिकवली जाणारी गोष्ट म्हणजे हिकिते: एका हाताने समोर ठोसा मारताना दुसरा हात मूठ वळून, तळव्याची बाजू वर करून, कमरेशी खेचून घ्यायचा. या जपानी शब्दाचा सरळ अर्थ ‘ओढणारा हात’ असा आहे. परंतु तो हात नेमके काय ओढतो, हे सांगणारे वर्ग फार थोडे आढळतात. बहुतेक ठिकाणी एवढेच सांगितले जाते की एक हात मागे गेल्याने कमरेला फिरकी मिळते आणि पुढच्या हाताचा जोर वाढतो. हे स्पष्टीकरण अगदीच खोटे नाही, पण मुष्टियोद्धा दुसरा हात हनुवटीपाशी ठेवूनही तितकाच जबर ठोसा मारतो हे ध्यानात घेतले की ते तोकडे पडते, शिवाय कमरेशी नेलेल्या हातामुळे चेहऱ्याची एक बाजू उघडी राहते ती वेगळीच. असे असूनही पिढ्यान् पिढ्या ही सवय एवढ्या कसोशीने का घोटवली गेली, या प्रश्नाच्या उत्तरात कराटे प्रत्यक्ष प्रसंगी उपयोगी पडते की नाही, या जुन्या वादाचे बरेचसे मर्म सापडते.

पुढील संवादातील दोघे प्रातिनिधिक आहेत. प्रशिक्षक हे शाळेच्या पटांगणात आणि गृहसंकुलाच्या सभागृहात अनेक वर्षे वर्ग चालवणारे, बेल्टच्या परीक्षा घेणारे आणि विद्यार्थ्यांना स्पर्धांसाठी तयार करणारे गृहस्थ आहेत. अभ्यासक हा अशाच वर्गातून काळ्या पट्ट्यापर्यंत पोहोचलेला, आणि नंतर ‘बुंकाई’कडे, म्हणजे कातातील हालचाली सुट्या करून त्यांचा वापर शोधण्याच्या पद्धतीकडे वळलेला तरुण आहे. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचालींची मालिका, आणि कुमिते म्हणजे जोडीदारासोबतची झुंज, मग ती आधी ठरवलेली असो वा मोकळी. दोघांचेही या विद्येवर मनापासून प्रेम आहे, आणि त्यामुळेच त्यांचा मतभेद वरवरचा राहत नाही.

अभ्यासक : सर, वर्गातला जोडीचा सराव पाहिला तर हल्ला करणारा विद्यार्थी पाच-सहा फुटांवरून एक लांब पाऊल टाकतो, सरळ ठोसा मारतो आणि मारून झाल्यावर हात तसाच पुढे धरून उभा राहतो, म्हणजे समोरच्याला आपले उत्तर सावकाश पूर्ण करता येते. रस्त्यावर असा हल्ला कोण करतो? तेथे माणूस बोलत बोलत अंगाशी येतो, शिवी देतो, छातीवर हात टेकवून ढकलतो, कॉलर किंवा मनगट धरतो आणि मग मोकळ्या हाताने फिरवून मारतो. जिन्यात, लोकलच्या दारापाशी किंवा दोन मोटारींच्या मधल्या बोळकांडीत लांब पवित्रा घ्यायला जागाच नसते. जो वार कधी येणारच नाही, त्याचे उत्तर दहा वर्षे घोटून काय हाती लागते?

प्रशिक्षक : पाटीवर तळहाताएवढे अक्षर गिरवणाऱ्या मुलाला, पुढे वहीत एवढे मोठे अक्षर कधी काढणार आहेस, असे कोणी विचारत नाही. लांब पाऊल, खाली बसलेली कंबर, सरळ रेषेत जाणारी मूठ, हे गिरवणेच आहे. अंगावर येणाऱ्या माणसापुढे डोळे न मिटता उभे राहण्याची सवय त्यातून लागते, आणि ती लागली नाही तर तुमच्या त्या जवळच्या अंतराच्या युक्त्यांचा काही उपयोग नाही. आठ वर्षांच्या मुलाला पहिल्याच महिन्यात कॉलर धरायला शिकवले, तर तो दुसऱ्या दिवशी शाळेत नेमके तेच करील.

अभ्यासक : गिरवण्याला हरकत नाही, सर, पण पाटी कधीतरी खाली ठेवावी लागते. काळ्या पट्ट्याच्या परीक्षेतही तेच पाच फुटांवरचे पाऊल आणि तोच थांबलेला हात दिसतो, तेव्हा गिरवणे हेच लेखन मानले गेले आहे अशी शंका येते.

या शंकेचे मूळ कराटेच्या जन्मभूमीच्या, म्हणजे ओकिनावाच्या, इतिहासात आहे. तेथील रिउक्यूचे स्वतंत्र राज्य १८७९ मध्ये जपानने विसर्जित केले, आणि त्यानंतरच्या पिढीत, शुरी येथील इतोसू आंको (१८३१–१९१५) यांच्या प्रयत्नाने, १९०१ च्या सुमारास कराटेचा शालेय शिक्षणात प्रवेश झाला. एका गुरूने अंगणात दोन-तीन शिष्यांना वर्षानुवर्षे, हातात हात घेऊन शिकवायची विद्या आता रांगेत उभ्या राहिलेल्या मुलांना आज्ञेबरहुकूम शिकवायची होती. इतोसू यांनी त्यासाठी ‘पिनान’ नावाचे पाच काता प्रचारात आणले, जे पुढे फुनाकोशी गिचिन यांनी ‘हेइआन’ या नावाने जपानच्या मुख्य भूमीवर नेले आणि जे आज महाराष्ट्रातील असंख्य मुले पहिल्या बेल्टपासून शिकतात. शाळेत मुलांचे आरोग्य, शिस्त आणि अंगाचा कणखरपणा हे हेतू होते. धरपकड, सांधे पिळणे, मानेवर आणि डोळ्यांवर करायचे वार हे त्या हेतूंत बसणारे नव्हते, त्यामुळे हालचाली राहिल्या आणि त्यांचे अर्थ मागे पडत गेले.

खुद्द इतोसू यांना हा फरक ठाऊक होता. १९०८ मध्ये त्यांनी शिक्षणाधिकाऱ्यांसाठी लिहिलेल्या दहा कलमांच्या प्रसिद्ध पत्रात कराटे हे एकाच प्रतिस्पर्ध्याशी सामना लढण्यासाठी नसून अवचित एखाद्या गुंडाशी गाठ पडली तर इजा टाळण्यासाठी आहे, असा आशय आहे; आपला सराव आरोग्यासाठी आहे की प्रत्यक्ष वापरासाठी, हे करणाऱ्याने आधी ठरवावे असेही ते सांगतात; आणि आत शिरणे, वार स्वीकारणे, पकड सोडवणे व पकडणे यांची एक पद्धत असून त्यातील बराच भाग तोंडी सांगितला जातो, असा उल्लेखही तेथे येतो. शाळेत कराटे नेणाऱ्याच माणसाने लिहिलेल्या या पत्राला या वादात मोठे वजन आहे.

अभ्यासक : म्हणजे मूळ कराटेत पकड होती, झोंबी होती. फुनाकोशींनीही आपल्या १९३५ च्या ‘कराटे-दो क्योहान’ या ग्रंथात समोरच्याला पाडण्याचे प्रकार छायाचित्रांसह दिले आहेत; त्यांतील एकाचे नाव ‘ब्योबुदाओशी’, म्हणजे उभा पडदा आडवा करणे, असे आहे. ‘तेगुमी’ या ओकिनावातील पोरांच्या कुस्तीविषयीही त्यांनी लिहिले आहे. आज किती वर्गांत एखाद्याला पाडायला किंवा कोणी धरले असता सुटायला शिकवतात?

प्रशिक्षक : पत्रातील ‘तोंडी सांगितला जातो’ हे शब्द तुम्ही फार सहज ओलांडून गेलात. जे तोंडी होते ते सांगणाऱ्यांबरोबर गेले. आज पुस्तकांतून आणि चित्रफितींतून जी बुंकाई दाखवली जाते तिच्यातील पुष्कळसा भाग अंदाज आहे. एकच हालचाल एक जण गळा आवळणे म्हणून दाखवतो, दुसरा खांदा निखळवणे म्हणून, तिसरा सुरीवाल्याचा हात धरणे म्हणून. आणि तिघेही हाच खरा, लपवून ठेवलेला अर्थ असे सांगतात. असल्या गुपितांच्या नादी लागण्यापेक्षा काता स्वच्छ करावा, हे बरे नव्हे काय?

या ठिकाणी प्रशिक्षकांचे पारडे जड आहे, हे मान्य केले पाहिजे. लुप्त झालेले मूळ अर्थ आपल्याला गवसले आहेत असा दावा करणाऱ्यांनी बुंकाईच्या चळवळीचे नुकसानच केले आहे, कारण त्यामुळे एका अंधश्रद्धेची जागा दुसरीने घेतली.

अभ्यासक : मान्य. मूळ अर्थ कोणता होता, हा इतिहासाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर अनेकदा मिळणार नाही. पण एखादा अर्थ चालतो की नाही, हे तपासण्यासाठी इतिहासाची गरज नाही. विरोध करणारा जोडीदार पुरेसा आहे. हेइआन शोदान या पहिल्याच कातात उजव्या हाताने खाली झटकल्यावर तोच हात मागे, वर आणि पुन्हा खाली असा गोल फिरवून मुठीच्या कडेने हातोड्यासारखा वार करायचा असतो. आपण स्वतः ही हालचाल धरलेले मनगट सोडवण्याची म्हणून शिकवता.

प्रशिक्षक : हो, तेथे दुसरा अर्थ बसतच नाही.

अभ्यासक : आणि तिच्या लगेच आधीची, खाली झटकण्याची हालचाल लाथ अडवण्याची म्हणून शिकवली जाते. लाथ मारणारा माणूस पायाच्या अंतरावर असतो. मग पुढच्याच क्षणी त्याच्या हातात आपले मनगट कसे येते? जर त्या झटक्यातच समोरच्याचा हात खाली दाबला गेला असेल आणि तेवढ्यात त्याने उलटून मनगट धरले असेल, तर दोन्ही हालचाली एकाच अंतरावर येतात. हाच खरा अर्थ, असा आग्रह नाही. पण हा अर्थ शेजारच्या हालचालीशी जुळतो आणि जोडीदारावर तपासता येतो.

प्रशिक्षकांनी हे उदाहरण नाकारले नाही. शिवाय ज्याला सर्वत्र ‘ब्लॉक’ म्हटले जाते त्याला जपानीत ‘उके’ असे नाव आहे आणि त्या शब्दात अडवण्यापेक्षा स्वीकारण्याचा, अंगावर आलेले हाती घेण्याचा अर्थ आहे, ही गोष्टही अभ्यासकाच्या बाजूने बोलते. मात्र प्रशिक्षकांचा पुढचा मुद्दा या संपूर्ण वादातील सर्वांत कठीण मुद्दा आहे.

प्रशिक्षक : तपासण्याविषयी तुम्ही बोलता, तर तेही पाहू. तुमच्या बुंकाईच्या वर्गातील जोडीदार मनगट धरतो आणि मेणाच्या पुतळ्यासारखा उभा राहतो. तुम्ही पाच हालचाली करून त्याला जमिनीवर झोपवता आणि तो झोपतो. याउलट स्पर्धेत उतरणारी सोळा वर्षांची मुलगी आठ मीटर लांबीरुंदीच्या चौकोनात अशा माणसासमोर उभी असते, जो तिला हरवायलाच आलेला असतो, जो काय करणार हे तिला ठाऊक नसते आणि जो तिचे ऐकणार नसतो. अंतराचा अंदाज, वेळ साधणे, मार लागूनही डोके शाबूत ठेवणे, हे तिला मिळते. तुमच्या पुतळ्याकडून यांपैकी काय मिळते?

अभ्यासक : या प्रश्नाला सरळ उत्तर देणे भाग आहे: पुतळ्याकडून काहीच मिळत नाही. विरोधाशिवाय केलेली बुंकाई म्हणजे दोघांनी मिळून केलेला काताच. स्पर्धेतून जे मिळते ते कमी लेखण्याचे कारण नाही. प्रश्न इतकाच की स्पर्धेचे नियम कोणती सवय लावतात. पकड झाली की पंच थोड्याच वेळात झुंज थांबवतात आणि दोघांना दूर करतात, म्हणजे खऱ्या भांडणाला जेथे सुरुवात होते तेथे स्पर्धा संपते. तोकियोच्या ऑलिंपिकमध्ये ७ ऑगस्ट २०२१ रोजी ७५ किलोवरील गटाच्या अंतिम सामन्यात सौदी अरेबियाचा तारेग हमेदी ४–१ असा पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेह याच्या डोक्याला बसली, तो बेशुद्ध झाला, आणि नियमापेक्षा जास्त आघात केल्याबद्दल हमेदी बाद ठरून सुवर्णपदक गंजजादेहला मिळाले. जो उभा होता तो हरला.

प्रशिक्षक : त्या निर्णयात चूक काय झाली? ताबा ठेवून मारणे हीच तर कसोटी होती. तो नियम आहे म्हणून लहान मुले रोज झुंज खेळून धडधाकट घरी जातात. आणि ज्याला वार आवरता येतो त्याला तो पूर्ण सोडताही येतो.

अभ्यासक : निर्णय बरोबरच होता. पण आवरण्याची सवय लागलेला हात ऐनवेळी आपोआप मोकळा सुटेल, हे गृहीत धरता येत नाही. त्यासाठी गादीवर, पॅडवर, पूर्ण जोराने मारण्याचा वेगळा सराव लागतो. ओकिनावात माकिवारा होता तो याचसाठी: जमिनीत रोवलेली लवचीक फळी, वरच्या टोकाला गुंडाळलेला गवती दोर, आणि त्यावर रोजचे ठोसे.

स्पर्धेचा हा अवतार कराटेच्या इतिहासात अगदी अलीकडचा आहे, हे येथे नोंदवायला हवे. मोकळी झुंज १९२० आणि १९३० च्या दशकांत जपानी विद्यापीठांच्या मंडळांत वाढली, फुनाकोशी यांना ती पसंत नव्हती, आणि जपान कराटे असोसिएशनची पहिली अखिल जपान स्पर्धा झाली ती १९५७ मध्ये, फुनाकोशी यांच्या निधनानंतर काही महिन्यांनी. लांब अंतर, झेप घेऊन केलेला एकच निर्णायक वार आणि लगेच माघार, ही शैली त्या वातावरणात मुरली. तिच्याशी समांतर असा दुसरा प्रवाह मोतोबू चोकी (१८७०–१९४४) यांचा होता. प्रत्यक्ष मारामारीसाठी नावाजलेल्या या माणसाने १९२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात जोडीने करायचे सराव छायाचित्रांसह दिले. त्यांत दोघे छातीला छाती भिडेल इतके जवळ आहेत. ज्यात पाय केवळ आडवे, डावी-उजवीकडे सरकतात त्या नाइहांची या एकाच कातावर त्यांचा मुख्य भर होता, आणि दोन्ही हात जोडीने, एकमेकांच्या आसपास काम करतात या कल्पनेला ते ‘मेओतोदे’, म्हणजे नवराबायकोचे हात, असे म्हणत. एक हात संसार करतो आहे आणि दुसरा कमरेवर स्वस्थ बसला आहे, असे त्यांच्या चित्रांत दिसत नाही.

आता हिकितेकडे परत जाता येते, कारण दोघांचा वाद शेवटी याच हातावर स्थिरावला. अभ्यासकाने मांडलेला सराव असा आहे. दोघे एका हाताच्या अंतरावर उभे राहतात. एकाचे दोन्ही हात छातीच्या उंचीवर, पंजे उघडे, समोरच्याला शांत करणाऱ्या माणसासारखे असतात; बघणाऱ्याला ही भांडणाची तयारी वाटत नाही, पण हात आधीच चेहऱ्यासमोर आलेले असतात. दुसरा ढकलतो किंवा शर्ट धरतो. पहिला त्याच हाताचे मनगट किंवा कोपराजवळची बाही पकडून स्वतःच्या कमरेकडे खेचतो, आणि त्याच क्षणी दुसऱ्या हाताच्या तळव्याचा मनगटाजवळचा जाड भाग त्याच्या जबड्याकडे नेतो. खेचले जाताच धरणाऱ्याचा खांदा खाली येतो, मान पुढे झुकते, वजन पुढच्या पायावर जाते, आणि ज्या हाताने तो आता मारणार होता तो हात शरीर वळल्यामुळे मागे पडतो. कमरेशी गेलेली मूठ आता रिकामी नाही. तिच्यात समोरच्या माणसाचा हात आहे. पंजा मुठीऐवजी वापरण्याचे कारण साधे आहे: डोक्याची कवटी कठीण असते आणि नुसत्या मुठीने डोक्यावर मारणाऱ्याच्या करंगळीमागचे हाड मोडण्याची दुखापत डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाची आहे.

प्रशिक्षक : आणि समोरच्याने अर्ध्या बाहीचा टीशर्ट घातला असेल, हात घामाने ओले असतील, तर?

अभ्यासक : तर पकड निसटते. सरावात ती वारंवार निसटते आणि ते दिसणे हाच सरावाचा लाभ आहे. निसटली की तोच हात घसरत कोपरामागे किंवा मानेमागे जातो आणि तेथे अडकतो. तेही नाही जमले तर दोन्ही हातांनी ढकलून दाराकडे पळायचे. पहिल्या आठवड्यात जोडीदार केवळ धरतो, दुसऱ्यात धरून मागे ओढतो, नंतर धरून दुसऱ्या हाताने पॅडचा मार देतो, आणि शेवटी तोंडाने आरडाओरडही करतो. काता जसाच्या तसा बाहेर येत नाही. त्यातले एक-दोन तुकडे, ओबडधोबड, येतात.

हे ‘ओबडधोबड’ पुष्कळ शिक्षकांना खटकते, आणि त्यांचे खटकणे समजण्यासारखे आहे, कारण हालचालीची शुद्धता ही त्यांनी आयुष्यभर जपलेली गोष्ट आहे. परंतु भीतीच्या क्षणी हृदयाचे ठोके वाढतात, बोटांची बारीक कामे बिघडतात, नजर एका बिंदूवर खिळते, आजूबाजूचे आवाज ऐकू येईनासे होतात. त्या अवस्थेत जे उरते ते ओबडधोबडच असते. फुनाकोशी यांनी आत्मचरित्रात सांगितलेला एक प्रसंग या दृष्टीने बोलका आहे: वृद्धापकाळी रात्री घरी परतताना एका लुटारूने त्यांच्यावर छत्री उगारली तेव्हा त्यांनी खाली वाकून त्याचे अंडकोष पकडले आणि गस्तीचा पोलिस येईपर्यंत सोडले नाहीत. आधुनिक कराटेचा जनक म्हणून ज्यांना ओळखतात, त्यांच्या खऱ्या प्रसंगात लांब पाऊल नव्हते, पकड होती. आपण आक्रमक झालो याची त्यांना नंतर लाज वाटली, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे.

प्रशिक्षक : ती लाज महत्त्वाची आहे. कराटेत पहिला वार नाही, हे त्यांचे वचन प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर असते. तुमच्या सरावात समोरच्याने केवळ शर्ट धरला आणि तुम्ही त्याचा जबडा हलवलात. मुलाच्या आईवडिलांना आणि पोलिस ठाण्यात काय सांगायचे?

अभ्यासक : कायदा काय सांगतो ते वर्गात शिकवायचे, आज ते कोणी शिकवत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ खासगी बचावाच्या हक्काविषयी आहेत. कलम ४० प्रमाणे शरीराला धोका असल्याची वाजवी भीती निर्माण होताच हा हक्क सुरू होतो, गुन्हा प्रत्यक्ष घडून जाण्याची वाट पाहावी लागत नाही, आणि ती भीती संपली की हक्कही संपतो. कलम ३७ प्रमाणे बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करता येते, आणि पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ हाताशी असेल तर हा हक्क मिळत नाही. म्हणजे समोरचा पडल्यावर घातलेली एक लाथही बचाव राहत नाही. पहिला वार नाही या वचनाचा अर्थ पहिला ठोसा खाऊन घ्यावा असा नाही. भांडणाला पहिले कारण आपण होऊ नये, असा आहे.

मोतोबू यांचे या वचनाविषयीचे मत फुनाकोशींहून वेगळे होते, आणि दुसरा मार्गच उरला नसेल तर आधी वार करण्यास वचन आड येत नाही अशा अर्थाची मांडणी ओकिनावातलेच दुसरे गुरू माबुनी केन्वा यांनीही केली होती. जुन्या पिढीतही या प्रश्नावर एकमत नव्हते, हे भिंतीवरच्या फलकावरून कळत नाही.

संवादाचा यापुढचा भाग स्त्रियांच्या प्रशिक्षणाविषयी आहे, आणि येथे दोघांचाही सूर बदलतो. शाळा-महाविद्यालयांतून मुलींसाठी काही दिवसांची स्वसंरक्षण शिबिरे भरतात. त्यांत अंधाऱ्या गल्लीत मागून पकडणाऱ्या अनोळखी पुरुषाला कोपर मारून लोळवायचे प्रात्यक्षिक हमखास असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल मात्र वर्षामागून वर्ष वेगळेच दाखवतात: बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो.

प्रशिक्षक : म्हणजे तुमची हिकितेही येथे अपुरी. काका, शेजारी, शिकवणीचे सर, अशा माणसाच्या जबड्यावर मुलगी हात उगारील काय?

अभ्यासक : बहुधा नाही, आणि म्हणूनच तेथे हाताच्या आधी दुसरे काही शिकवावे लागते. कॅनडातील तीन विद्यापीठांत ८९३ विद्यार्थिनींवर झालेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा तासांचे प्रशिक्षण घेतलेल्या गटात वर्षभरात बलात्काराला बळी पडण्याचे प्रमाण ५.२ टक्के होते, आणि केवळ माहितीपत्रके मिळालेल्या गटात ते ९.८ टक्के होते. त्या बारा तासांत शारीरिक प्रतिकाराचा भाग थोडा होता. ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका वेळीच ओळखणे, त्याला दुखवण्याचा संकोच बाजूला सारणे आणि मोठ्याने, स्पष्ट शब्दांत नकार देणे यांवर पुष्कळ वेळ दिला गेला होता.

प्रशिक्षक : ‘नाही’ म्हणायला शिकवणे हे कराटे कसे?

अभ्यासक : वर्गात वार करताना आपण मुलांकडून मोठ्याने ‘किआइ’, म्हणजे पोटातून काढलेला हुंकार, करून घेतो. त्याच आवाजात ‘हात काढ’ हे दोन शब्द म्हणवून घेतले, तर एरवी खालच्या आवाजात बोलायची सवय लावलेल्या मुलीला ते वाटते तेवढे सोपे जात नाही. पहिल्यांदा तिचा आवाज घशातच अडकतो. दहाव्यांदा सभागृहाच्या टोकाला ऐकू जातो.

यावर प्रशिक्षक काही वेळ बोलले नाहीत, आणि नंतर त्यांनी जे विचारले ते वादासाठी नव्हते. सुरी निघाली तर काय शिकवता, हा त्यांचा प्रश्न होता. अभ्यासकाचे उत्तर थोडक्यात असे: पैसे आणि मोबाईल देऊन टाकणे, पळणे, मध्ये खुर्ची, दप्तर, मोटार काहीही ठेवणे, आणि पळायला जागाच नसेल तर सुरीचा हात दोन्ही हातांनी धरून न सोडणे, पण जखम होईल हे गृहीत धरून. रबरी सुरीला ओला रंग लावून सराव केला की सर्वांत चपळ विद्यार्थ्याच्या पांढऱ्या गणवेशावरही अर्ध्या मिनिटात लाल रेघा दिसतात, आणि सुरी हातातून काढून घेण्याच्या देखण्या युक्त्यांवरचा विश्वास तेथेच उतरतो. या बाबतीत दोघांत मतभेद नव्हता.

लहान मुलांविषयी मात्र तो राहिला. बारा वर्षांखालील मुलांना गळा, डोळे, जबडा यांवरचे वार शिकवू नयेत, त्यांच्यासाठी काता, खेळ आणि पडायला शिकणे पुरे, यावर प्रशिक्षक ठाम राहिले. तर मनगट सोडवणे, ओरडणे आणि पळून मोठ्या माणसापाशी जाणे एवढे तरी सहाव्या-सातव्या वर्षापासून शिकवलेच पाहिजे, असे अभ्यासकाला वाटते. प्रशिक्षकांनी बेल्टच्या परीक्षेत एक बदल मात्र स्वीकारला: तपकिरी पट्ट्यापासून पुढे, काता करून झाल्यावर उमेदवाराने त्यातील कोणतीही एक जागा निवडून, शर्ट धरलेल्या जोडीदारावर, मागे ओढलेल्या हाताचे काम दाखवायचे. अभ्यासकाने त्याला एक अट जोडली आणि तीही मान्य झाली. जोडीदाराने कोणत्या हाताने आणि कोठे धरायचे, हे उमेदवाराला आधी सांगायचे नाही.